कर्जमाफीच्या वर्षात शेतकरी कुठे गेले? अर्ध्या ‘र’चं एक प्रकरण

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला तिथल्या साप्ताहिकाचे जुने अंक संगणकावर शोधता यायला हवे होते. काम माझ्याकडे आलं. कागद स्कॅन करायचे नव्हते. साप्ताहिकवाल्यांकडे मजकुराच्या फायली होत्या, त्या गोळा करून एका शोधपेटीमागे बसवायच्या, एवढंच. काम उरकलं, गावाला जाऊन दाखवून आलो, चहा झाला, सगळे खूश. आठवड्याने ग्रंथपालबाईंचा फोन.

“अहो, तुमच्या त्या यंत्रात शेतकरीच नाहीत.”

“म्हणजे?”

“२००८ साल काढलं. कर्जमाफीचं वर्ष. ‘कर्जमाफी’ टाकलं की ढीगभर बातम्या येतात. ‘शेतकऱ्यांना’ टाकलं की शून्य. मग कर्जमाफी झाली कुणाला, आमच्या वाचनालयाला?”

मी नेहमीचंच उत्तर दिलं, अनुस्वार राहिला असेल, पुन्हा टाइप करून बघा. बाईंनी पडद्याचा फोटो पाठवला. अनुस्वार होता. शब्द शुद्ध होता. खाली लिहिलेलं: काही सापडले नाही. दुष्काळाचं वर्ष म्हणून २०१२-१३ चे अंकही त्यांनी पाहिले होते, तिथेही तेच. २०१५ च्या पुढे मात्र शेतकरी जागच्या जागी होते.

शोधयंत्र बिघडलं असेल तर ते सगळ्याच शब्दांना बिघडायला हवं. म्हणून मी २००८ च्याच अंकांवर शब्द टाकत बसलो. ‘शेतकरी’ सापडला, भरपूर. ‘अधिकारी’ सापडला. ‘अधिकाऱ्यांनी’ नाही. ‘दुसरा’ आहे, ‘दुसऱ्या’ नाही. ‘नवरा’ आहे, ‘नवऱ्याने’ नाही. ‘ऊस’ आहे, ‘गुऱ्हाळ’ नाही. पाचसहा शब्दांतच आजार कुठे आहे ते कळलं. पूर्ण ‘र’ ठीक होता, त्याचा पाय मोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ आला की शब्द हरवत होता. तोही प्रत्येक पाय मोडलेला ‘र’ नव्हे. ‘कार्यालय’, ‘सूर्य’, ‘मर्यादा’ बिनतक्रार सापडत होते. हरवत होता तो फक्त तो आडवा, लहानशा कोयत्यासारखा अर्धा ‘र’.

शब्द फोडून पाहिला

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी पद्धत. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं दिलेली आहेत. (प्रोग्रामर लोक हे क्रमांक षोडशमान पद्धतीत लिहितात, मी इथे साध्या दशमानात लिहितोय.) घरात जोडाक्षरं राहत नाहीत. सुटी व्यंजनं, स्वर, मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्ह राहतं. जोडाक्षर तयार करायचं काम पडद्यावर दाखवताना फाँट आणि त्याच्यामागची यंत्रणा करते. म्हणजे साठवलेलं आणि दिसलेलं यांत नेहमीच एक पायरी असते, आणि आपलं भांडण त्या पायरीवर होतं.

बाईंनी टाइप केलेला शब्द उकलला तर अकरा तुकडे निघाले: श, एकारमात्रा, त, क, ऱ, पाय मोडायचं चिन्ह, य, काना, अनुस्वार, न, काना. यातला पाचवा तुकडा नीट पाहा. तो आपला रोजचा ‘र’ नाही. रोजचा ‘र’ २३५२ वर राहतो. हा त्याच्या शेजारचा, २३५३, खाली टिंब असलेला ‘ऱ’.

मग २००८ च्या फायलीतला तोच शब्द उकलला. बारा तुकडे. श, मात्रा, त, क, मग साधा २३५२ चा ‘र’, मग पाय मोडायचं चिन्ह २३८१, आणि त्यानंतर ८२०५. हा शेवटचा देवनागरीचा नाहीच. तो ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचा अदृश्य प्राणी आहे. त्याला आकार नाही, रुंदी नाही, तो छापला जात नाही. पुढच्या अक्षराशी जोड कसा दाखवायचा याची सूचना देणं एवढंच त्याचं काम. इथे त्याने सांगितलेलं असतं की या ‘र्’चा रफार करू नका, अर्धा ‘र’ काढा.

दोन्ही शब्द शेजारी ठेवतो: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. तुमच्या पडद्यावर ते बहुधा हुबेहूब एकच दिसतील. प्रत्येक तुकडा युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फायलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट खातो, म्हणजे पहिला शब्द ३३ बाइटांचा आणि दुसरा ३६ चा. शोधयंत्राला डोळे नसतात, त्याला ३३ आणि ३६ दिसले आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही सापडलं.

हवं तर घरी करून बघा. पहिल्या प्रकारचा शब्द घ्या आणि शेवटाकडून एकेक खोडत या. ‘य’ गेला, पाय मोडायचं चिन्ह गेलं, की तळाशी टिंब असलेला ‘ऱ’ उघडा पडतो, जो मराठी माणसाने हाताने क्वचितच कधी लिहिला असेल. दुसऱ्या प्रकारात ‘य’ गेल्यावर एकदा कळ दाबली की अदृश्य जोडक जातो, आणि तो अर्धा ‘र’ डोळ्यांदेखत साधा पाय मोडलेला ‘र्’ होतो.

हा ‘र’ वेगळा का लागतो

मराठी न येणाऱ्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग सरळ रफारच दे ना, फरक काय पडतो? पडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे विद्वानांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. उच्चारही वेगळा. ‘दर्या’मध्ये ‘र’ मागच्या अक्षराला टेकतो, ‘द’वर आघात येतो आणि वृत्तात तो गुरू धरला जातो. ‘दऱ्या’मध्ये ‘र’ पुढच्या ‘य’कडे सरकतो, ‘द’ हलका राहतो, लघू. म्हणजे हा नुसता वळणाचा प्रश्न नाही, दोन वेगळे शब्द दोन चिन्हांनी वेगळे ठेवलेले आहेत.

आणि हा ‘र’ दुर्मीळही नाही. आपल्याकडे रीकारान्त आणि राकारान्त शब्दांना विभक्ती लागली की तो येतोच: शेतकरी, अधिकारी, कर्मचारी, वारकरी, वारा, सारा, दुसरा, तारा. सरकारी परिपत्रकात एका परिच्छेदात तो तीनचारदा भेटतो. त्याशिवाय वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, तऱ्हा असे ‘ह’वाले आहेतच. म्हणजे जुन्या मजकुरात हे जोडाक्षर शोधता येत नसेल तर शेतकरी, कर्मचारी आणि जिल्हाधिकारी यांच्याबद्दलचा बराचसा मजकूर गायब. साप्ताहिकात मग उरतं काय, वाढदिवसाच्या शुभेच्छा.

४९ घरं पुढे

मराठीच्या इतक्या हाताशी लागणाऱ्या अक्षराला स्वतःचं घर नाही आणि ते टिंबवाल्या ‘ऱ’च्या घरी कसं राहायला गेलं, हे कोडं मला बरेच दिवस होतं. उत्तर युनिकोडच्या आधी आहे.

भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे ‘इस्की’ नावाची सांकेतिक पद्धत तयार झाली. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने, तीही १९९१ चीच, इस्कीचा १९८८ चा आराखडा समोर ठेवला होता. इस्कीमागची कल्पना देखणी होती: ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच तक्ता. ‘क’चा क्रमांक देवनागरीत जो, तोच तेलुगूत, तोच बंगालीत. लिपी बदला, आकडे तेच राहतील. पण एकच तक्ता म्हटल्यावर त्यात सगळ्यांच्या गरजा मावायला हव्यात. तमिळ आणि मलयाळममध्ये एक कठोर ‘र’ आहे, आपल्या ‘र’पेक्षा निराळा. त्याला तक्त्यात जागा दिली. ‘र’ २०७ वर, कठोर ‘र’ २०८ वर. देवनागरीत तो ध्वनी लिहायचा झाल्यास ‘र’खाली टिंब द्यायचं, म्हणजे ‘ऱ’.

युनिकोडने लिप्या वेगळ्या केल्या, पण प्रत्येक लिपीच्या १२८ घरांच्या वाड्यात खोल्यांचा क्रम तोच ठेवला. मोजून बघा. देवनागरीचा वाडा २३०४ ला सुरू होतो, ऱ २३५३ वर. तमिळचा २९४४ ला, त्यांचा कठोर ‘र’ २९९३ वर. तेलुगूचा ३०७२ आणि ३१२१. कन्नडचा ३२०० आणि ३२४९. मलयाळमचा ३३२८ आणि ३३७७. सगळीकडे सुरुवातीपासून बरोबर ४९ घरं पुढे. आपला शेतकरी तमिळ-मलयाळमच्या पाहुण्याच्या खोलीत भाड्याने राहतो तो असा.

तिथेच का, याबद्दल माझा तर्क सांगतो, आणि तो तर्कच समजा. देवनागरीत टिंबवाल्या ‘ऱ’ला अर्धं रूप लागायचं काही कारण नव्हतं. तमिळ शब्द देवनागरीत लिहिणारा माणूस ते मागणार नाही. म्हणजे त्या खोलीचा माळा रिकामा होता. मराठीच्या अर्ध्या ‘र’ला नवी खोली देण्यापेक्षा हा रिकामा माळा दिला. हिशेब म्हणून चोख आहे. मराठी म्हणून मला तो अजून पचलेला नाही.

तर्क बाजूला ठेवला तरी नियम पक्का आहे. युनिकोडच्या मुख्य ग्रंथात देवनागरीच्या प्रकरणात लिहिलंय की इस्कीला धरून टिंबवाल्या ‘ऱ’चं अर्धं रूप या आकाराने दाखवावं, आणि मराठीत व (नेपाळमधल्या) नेवारी भाषेत ते नेहमी लागतं. लगेच पुढे पुरवणी नियम: १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साधा ‘र’, पाय मोडायचं चिन्ह आणि अदृश्य जोडक या मालिकेनेही तोच आकार दाखवावा. म्हणजे दोन्ही पत्ते अधिकृत. एक सांगितलेला, एक जुना म्हणून चालवून घेतलेला. आणि दोन्ही पत्ते एकाच माणसाचे आहेत असं युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या तक्त्यात (कुठली रूपं एकच मानायची ते सांगणाऱ्या) कुठेही नोंदलेलं नाही. नेपाळीतही ‘गर्‍यो’सारख्या शब्दांत हाच आकार येतो. तिथे जोडकवाली वाटच जास्त मळलेली आहे.

चार गठ्ठे

आता साप्ताहिकाकडे. फायली तीन काळांतल्या होत्या, हे मला आधीच विचारायला हवं होतं.

२००९ पर्यंतचा मजकूर डीटीपीचा. त्या काळच्या फाँटांत अक्षरं नव्हे, आकार साठवले जायचे. वेलांटी अक्षराआधी, रफार अक्षरानंतर, आणि या अर्ध्या ‘र’ला स्वतःचा वेगळा खिळा. कोणीतरी नंतर एका परिवर्तकातून तो मजकूर युनिकोडमध्ये आणला होता. परिवर्तक जुन्या नियमाने लिहिलेला, त्यामुळे त्या खिळ्याच्या जागी सगळीकडे जोडकवाली मालिका. २०१४ पासून साप्ताहिकात इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळपाट (कीबोर्ड) आला. त्यात इंग्रजी ‘J’च्या (जेच्या) कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ‘ऱ’. तिथून पुढे सगळं २३५३. बाईही इन्स्क्रिप्टच वापरतात, म्हणून त्यांना २०१५ चे शेतकरी दिसत होते.

मधली चार वर्षं वाईट. ती साप्ताहिकाच्या बंद पडलेल्या संकेतस्थळावरून उतरवलेली होती. त्या संकेतस्थळाच्या मागे कुठेतरी मजकूर ‘स्वच्छ’ करणारी पायरी होती, आणि न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा असं ती समजत होती. जोडक काढून टाकला की ‘शेतकर्‍यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. आंतरजालावर हे रूप तुम्ही हजारदा पाहिलं असेल आणि लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाला नावं ठेवली असतील. बऱ्याचदा लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिलेलं असतं. हा अशुद्ध शब्दही ३३ बाइटांचाच, शुद्ध शब्दाइतकाच. लांबी मोजून चूक पकडता येत नाही.

ही सवय केवळ आळशी प्रोग्रामरांचीच आहे असं नाही. देवनागरीतल्या संकेतनामांसाठी, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांसाठी, जे जुने नियम होते, त्यांतही हा जोडक आधी गाळून टाकायचा आणि मग पुढे जायचं अशीच तरतूद होती. नंतरच्या नियमांत पाय मोडायच्या चिन्हानंतर तो चालतो असं झालं.

चौथा गठ्ठा फायलींच्या नावांचा. काही अंक एका जुन्या मॅकवर ठेवलेले होते. त्या मॅकची फाइल-व्यवस्था नावं साठवताना जोडलेली चिन्हं सुटी करते. ‘ऱ’ हा युनिकोडच्या दृष्टीने ‘र’ आणि खालचं टिंब (२३६४) यांच्याशी समतुल्य आहे, म्हणून नावात ‘ऱ’ऐवजी ‘र’ आणि टिंब असे दोन तुकडे. हाही शब्द बारा तुकड्यांचा, ३६ बाइटांचा. म्हणजे एकाच शब्दाची चार रूपं, तीन शुद्ध, एक अशुद्ध.

गावांची यादी करताना याचा तमाशा झाला. आकड्यांच्या क्रमाने लावल्यावर टिंब सुटलेलं कऱ्हाड ‘कराड’च्या आधी येऊन बसलं, जोडकवालं ‘कर्जत’च्या नंतर, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच ऱ-वालं. सातारा जिल्ह्यात एक कऱ्हाड आहे. माझ्या यादीत तीन, शिवाय कराड.

माझी चूक

इथे मी घाई केली, तेही सांगायला हवं. मला वाटलं, चार रूपं आहेत तर सगळ्यांत साध्या रूपावर आणून ठेवू. जोडक काढला, टिंब काढलं, की उरतं ‘र्य’. चारही रूपं ‘शेतकर्यांना’ होतात. शोधणाऱ्याचा शब्दही आतल्या आत तसाच करायचा. सगळं सापडेल. सापडलंही. २००८ चे शेतकरी परत आले, दुष्काळातले आले. बाईंनी फोन करून शाबासकी दिली.

पण मी हा बदल शोधाच्या सूचीपुरता न ठेवता मूळ मजकुरावरच चालवला होता. एक पायरी वाचते म्हणून. चार दिवसांनी वाचनालयाच्या कार्याध्यक्षांचा फोन आला. ते निवृत्त मराठी शिक्षक. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट.

“तुम्ही वीस वर्षांचं साप्ताहिक अशुद्ध करून ठेवलंत.”

“सर, मूळ प्रत माझ्याकडे आहे, लगेच पूर्ववत करतो.”

“कराच. आणि आणखी एक. मी सप्ताहातल्या आचार्यांची प्रवचनं शोधली, तर मला भजी तळणारे लोक दाखवले.”

मूळ प्रत खरंच होती, म्हणून निभावलं.

दुरुस्ती

दुसऱ्या खेपेला मजकुराला हात लावला नाही. शब्दाची एक शोधप्रत वेगळी तयार करायची, मूळ आहे तसं राहू द्यायचं. शोधप्रतीचे नियम मोजकेच. आधी युनिकोडचं जोडणारं सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते चालवायचं. त्याने ‘र’ आणि सुटं टिंब यांचा पुन्हा २३५३ चा ‘ऱ’ होतो आणि मॅकचा प्रश्न तिथेच मिटतो. (गंमत म्हणजे हिंदीच्या ड़ आणि ढ़ ना हेच सामान्यीकरण उलटं वागवतं. ते सुटेच राहतात. आपल्या ‘ऱ’ला ती वगळणूक लागू नाही.) जोडकाला एनएफसी हात लावत नाही, म्हणून पुढचा नियम स्वतः लिहावा लागतो: साधा ‘र’, पाय मोडायचं चिन्ह आणि जोडक असं दिसलं, आणि त्यापुढे ‘य’ किंवा ‘ह’ असेल, तरच त्याचा ‘ऱ्’ करायचा. ‘य’ आणि ‘ह’ची अट महत्त्वाची. टाइप करताना भलतीकडे पडलेले जोडक फायलींत होतेच, ‘सर्व’मध्येसुद्धा. त्यांना आंधळेपणाने ‘ऱ’ केलं असतं तर नवीन अशुद्ध शब्द जन्माला आले असते. बाकीचे जोडकही सरसकट उडवले नाहीत. ‘क’ आणि ‘ष’ सुटे दाखवायला कोणी मुद्दाम जोडक घातला असेल, तर मजकुरात तो राहू दे, शोधप्रतीत दुर्लक्ष करा.

बाईंनी शोधलेला शब्दही याच चाळणीतून जातो. माझी पहिली कल्पना, सगळं ‘र्य’वर आणण्याची, मी पूर्णपणे टाकली नाही. शोधाचं उत्तर शून्य आलं किंवा फार कमी आलं, तर खाली वेगळ्या रेषेपलीकडे ‘हेही पाहा’ म्हणून ढिलं जुळवलेलं दाखवतो. वाचनालयात शोधणारा माणूस कधी कधी स्वतःच ‘शेतकर्यांना’ टाइप करतो, फोनवर ‘ऱ’ कुठे आहे ते सगळ्यांना सापडत नाही. त्याला शुद्धलेखनाची शिक्षा म्हणून रिकामा पडदा दाखवण्यात अर्थ नाही.

याच धुंडाळणीत ‘ॲड.’चंही दुखणं सापडलं. वकिलांच्या नावामागचा हा ‘ॲ’ २४१८ वर स्वतंत्र घर घेऊन आहे, पण ते घर त्याला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळालं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र बसवायचे, आणि एनएफसी या दोघांना एक मानत नाही. तोही नियम हाताने घातला. एका ओळीचं काम.

मधली चार वर्षं

उरला तो जोडक गमावलेला मजकूर. तिथे कुठलाही सामान्य नियम चालत नाही, कारण माहितीच निघून गेलेली असते. ‘र्य’ दिसलं की त्याचं ‘ऱ्य’ करावं, तर कार्य, सूर्य, पर्याय, धैर्य, चर्या यांची वाट लागते. ‘र्ह’ दिसलं की करावं, तर बहुतेक ठिकाणी बरोबर येतं, पण ‘अर्हता’ बिघडते, आणि नोकरभरतीच्या जाहिरातींत ‘शैक्षणिक अर्हता’ पानोपानी असते.

मग साप्ताहिकाच्याच २०१४ नंतरच्या शुद्ध अंकांतून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली. प्रत्येकाचं रफारवालं रूप तयार केलं. ते रूप शुद्ध अंकांत स्वतःच्या जोरावर कुठे येतं का ते पाहिलं. ‘शेतकर्यांना’ येत नाही, म्हणजे मधल्या वर्षांत दिसलं की ते ‘शेतकऱ्यांना’च. ‘अधिकार्यांनी’, ‘दुसर्या’, ‘बर्याच’, ‘कुर्हाड’, सगळे असेच सुटले. साप्ताहिकाने स्वतःच स्वतःचं मुद्रितशोधन केलं म्हणा. यादीत नसलेले शब्द शेवटाकडून तपासले: ‘-कर्या-’, ‘-चार्या-’, ‘-धिकार्या-’ असं असेल तर बहुधा तोच प्रकार, पण माणसाने एकदा नजर टाकायची.

आणि दोन्ही बाजूंनी शुद्ध असणारे शब्द वेगळे काढले. आचार्य आणि आचारी, दर्या आणि दऱ्या, असे थोडेच. ते छापून कागदावर वाचनालयाला दिले. कार्याध्यक्ष सरांनी ते स्वतःकडे घेतले.

बहुतेक ठिकाणी वाक्यच साक्ष देत होतं. दर्याखोर्यांतून शाळेत येणारी मुलं समुद्रातून येत नव्हती. सप्ताहाच्या एका बातमीत आचार्यांनी पहाटेपासून पुर्या तळल्या होत्या, त्यात दोन्ही शब्द एकदमच दुरुस्त झाले. सर लाल पेनाने ‘ऱ’खाली टिंब काढून कागद परत पाठवायचे. सवयच जुनी.

एकाच जागी अडलं. २०११ च्या एका अंकात नुसतं शीर्षक उरलं होतं, ‘आचार्यांचा सत्कार’. खालची बातमी संकेतस्थळावरून उतरवताना तुटलेली. कागदी अंक काढला तर तेवढंच पान वाळवीने खाल्लेलं. प्रवचनकारांचा सत्कार की स्वयंपाक्यांचा, कळायला मार्ग नाही. मी तो शब्द तसाच ठेवायच्या बेतात होतो. सरांना फोन केला.

“ठेवताय काय,” सर म्हणाले. “मी होतो की तिथे. प्रवचनाला येणारे महाराज आलेच नाहीत, गाडी बंद पडली. मग नारळ आणि शाल आणून ठेवलीच होती, ती आचाऱ्यांना दिली. जिलबी फार छान झाली होती.”

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी ‘र’ खोडला, शिफ्ट दाबून ‘J’ मारलं.